कसोटीची घटका आणि तिची पूर्वतयारी

शाळेचे वर्ष सुरू होऊन सहामाही परीक्षा जवळ येऊ लागली, म्हणजे आपल्याकडे क्रीडास्पर्धांचेही दिवस येतात. प्रथम तालुक्याचे सामने होतात. त्यांतून निवडलेली मुले जिल्ह्यास जातात आणि तेथून काही थोडी विभागास व राज्यास. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव व औंढा नागनाथ ह्या पाचही तालुक्यांतील शाळांस हा क्रम परिचित आहे. आणि त्याबरोबर येणारा एक अनुभवही परिचित आहे. शाळेच्या पटांगणावर रोज सहज लांब उडी मारणारा मुलगा जिल्ह्याच्या मैदानावर तिन्ही वेळा फळीवर चुकतो. वर्गात खड्या आवाजात भाषण करणारी मुलगी व्यासपीठावर दुसऱ्याच वाक्याला अडखळते. घरी बिनचूक गणिते सोडविणारा विद्यार्थी शालान्त परीक्षेत तशाच गणितापुढे गोंधळून बसतो. मग कोणी म्हणतो, "नशीब आडवे आले", कोणी म्हणतो, "पोरात धमकच नाही." ह्या दोन्ही निदानांनी मुलाचे काडीचेही भले होत नाही, कारण नशिबावर उपाय नाही, आणि 'धमक नाही' असे ऐकून ती कोणाच्या अंगी आली असे घडत नाही. म्हणून कसोटीच्या घटकेस मनुष्याचे नेमके काय होते आणि तिची तयारी कशी करावी, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो विद्यार्थ्यांनी वाचावा. परंतु त्यांच्या आईवडिलांनीही वाचावा, अशी विनंती आहे.

प्रथम शरीराकडे पाहू. मोठ्या प्रसंगी छाती धडधडते, हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. हा भित्रेपणा नव्हे. आपल्या मूत्रपिंडांच्या वर ज्या दोन लहान ग्रंथी आहेत, त्यांतून अ‍ॅड्रेनलिन नावाचा स्राव रक्तात उतरतो. त्यामुळे हृदय जलद चालते, श्वास वाढतो आणि रक्त कातडीकडून व पोटाकडून मोठ्या स्नायूंकडे वळते. संकट समोर उभे राहिले असता झुंजावे किंवा धावावे, एतदर्थ परमेश्वराने प्राणिमात्रास दिलेली ही सिद्धता आहे. जगज्जेत्या खेळाडूचीही छाती अशीच धडधडते. अंतर एवढेच की, तो त्या धडधडीस ओळखतो. नवशिक्या मुलास मात्र वाटते की आपल्याला काहीतरी होत आहे. आणि मूळच्या भीतीत ह्या नव्या भीतीची भर पडते. ह्यास्तव विद्यार्थ्यांनो, पुढच्या खेपेस छाती धडधडू लागली की मनाशी म्हणा, "शरीर कामाला लागले आहे." एवढ्याने धडधड थांबणार नाही, परंतु तिचे भय कमी होईल.

मग काम बिघडते ते कोठे? ते बहुधा लक्ष भलतीकडे गेल्याने बिघडते, आणि लक्ष भलतीकडे जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. पहिली वाट फळाची. उडी घेण्यापूर्वीच मुलगा पदकाचा, हरल्यास होणाऱ्या हशाचा, घरी काय म्हणतील ह्याचा विचार करू लागतो. आणि जे लक्ष पायाखालच्या फळीवर हवे ते उद्याच्या वर्तमानपत्रात जाऊन बसते. दुसरी वाट ह्याच्या उलट. जे काम शरीर आपोआप करू लागले होते, त्याच्या एकेका तपशिलावर भीतीमुळे पहारा बसतो. डोक्यावर दोन घागरी घेऊन बोलत-हसत विहिरीवरून येणारी बाई पाणी सांडू देत नाही. परंतु "प्रत्येक पाऊल नीट बघून टाक, मान किती कलते ते ध्यानात ठेव," असे कोणी तिला सांगितले, तर घागर हिंदकळल्यावाचून राहणार नाही. ऐन स्पर्धेच्या सकाळी मुलाच्या चुका मोजून दाखविणारे वडीलधारे नकळत हेच करीत असतात.

ह्या दडपणाचे स्वरूप स्पष्ट होण्यास थंड देशांतील एका खेळाकडे वळावे लागेल. पोलादी पाते लावलेले बूट घालून बर्फावर संगीताच्या तालावर घसरत जावयाचे, मध्येच उंच उडी घेऊन हवेत तीन-चार गिरक्या घ्यावयाच्या आणि एका पायावर उतरावयाचे, असा तो खेळ असून त्यास फिगर स्केटिंग म्हणतात. आपल्याकडे त्याचा जवळचा नातलग मल्लखांब होय. कारण दोहोंतही खेळाडू एकटा असतो, परीक्षक गुण देत असतात, आणि एक क्षण चुकला की सर्वांदेखत घसरण ठरलेली. एकेरी स्केटिंगच्या मोठ्या स्पर्धेत दोन फेऱ्या असतात; एक सुमारे २ मिनिटे ४० सेकंदांची आणि दुसरी सुमारे ४ मिनिटांची. बालपणापासूनचे सारे श्रम सात मिनिटांच्या आत तोलले जातात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बेजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकात कमिला वालिएव्हा ही पंधरा वर्षांची रशियन मुलगी ह्या खेळात उतरली. तिच्या तोडीची दुसरी नाही, असे जाणकार म्हणत होते. ऑलिंपिक चालू असतानाच, आदल्या डिसेंबरात घेतलेल्या तिच्या नमुन्यात निषिद्ध औषध आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि साऱ्या जगाची दृष्टी तिच्यावर खिळली. पहिल्या फेरीत ती अग्रस्थानी होती. दुसऱ्या फेरीत ती पुनःपुन्हा कोसळली आणि चौथी आली. रडत बाहेर आलेल्या त्या मुलीला तिच्या शिक्षिकेने प्रथम विचारले ते असे की, तू झुंज का सोडलीस? हे दृश्य जगाने पाहिले, आणि ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांनीही त्या कोरड्या वागणुकीबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. औषधाच्या प्रकरणाचा निकाल २०२४ साली लागून तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. तो न्यायाचा भाग झाला. परंतु पंधरा वर्षांच्या मनावर किती भार टाकावा, हा प्रश्न उरलाच. त्या खेळाच्या जागतिक संघटनेने जून २०२२ मध्ये, प्रौढांच्या स्पर्धेत उतरण्याचे किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा करण्याचे ठरविले. मोठ्यांनी आपली जबाबदारी ओळखण्याचे ते एक पाऊल होते.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. कारण कोवळ्या वयात दडपण पेलताच येत नाही, असे मात्र नव्हे. साताऱ्याची अदिती स्वामी ही एका शिक्षकाची कन्या. उसाच्या शेतालगतच्या साध्या मैदानावर प्रवीण सावंत ह्यांच्या हाताखाली ती धनुर्विद्या शिकली. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेतेपद मिळविले. ह्या प्रकारात लक्ष्य ५० मीटरांवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे असते. अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० पैकी १४९ गुण मिळवून तिने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेर्रा हिच्यावर दोन गुणांनी मात केली. प्रतिस्पर्ध्यांनी आळीपाळीने बाण सोडावयाचे आणि एका बाणास २० सेकंद, असा तेथील नियम आहे. त्या वीस सेकंदांत जगज्जेतेपदाचा विचार करण्यास सवड नसते, आणि तशी सवड न घेण्याची सवयच तेथे उपयोगी पडते. ही सवय बर्लिनला पोहोचल्यावर लागत नाही. ती सरावाच्या मैदानावरच लागावी लागते.

ही सवय कशी लावावी? पहिली गोष्ट अशी की, सराव कसोटीसारखा असावा. आपली मुले सरावात दहा उड्या मारतात व त्यांतील उत्तम उडी ध्यानात ठेवतात. स्पर्धेत मात्र मोजके प्रयत्न मिळतात. म्हणून सामन्यापूर्वीचे तीन-चार आठवडे, आठवड्यातून एकदा मानीव स्पर्धा घ्यावी. गणवेश स्पर्धेचा, वेळ स्पर्धेची, प्रयत्न तितकेच. परीक्षक म्हणून दुसऱ्या वर्गाचे शिक्षक, आणि भोवती गलका करणारे वर्गबंधू. मुलांस अर्धा तास ताटकळत बसवून मग अचानक नाव पुकारावे. कारण खऱ्या स्पर्धेत उन्हात बसून वाट पाहण्यातच निम्मी शक्ती जाते, आणि त्या वाट पाहण्याचा सराव कोणीच करीत नाही. अपरिचित जागा हेच एक मोठे दडपण असते. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात गेले, तेव्हा मातीच्या आखाड्यात वाढलेल्या ह्या कऱ्हाडकडील मल्लास गादीवरची कुस्ती व तिचे आंतरराष्ट्रीय नियम नवे होते; तरी ते सहावे आले. चार वर्षांच्या तयारीनंतर १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले; स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

दुसरी गोष्ट, प्रत्येक कृतीपूर्वीचा एक लहानसा ठरलेला क्रम. धावण्याच्या रेषेवर, उडीच्या खुणेवर किंवा उत्तरपत्रिकेसमोर बसल्यावर तीच दोन-तीन कामे त्याच क्रमाने करावी: खांदे सैल सोडावे, श्वास नाकाने घेऊन तो घेण्यापेक्षा अधिक वेळ लावून सोडावा, आणि पुढच्या एका कृतीचे नाव मनात घ्यावे, जसे, "गुडघा वर" किंवा "पहिला प्रश्न". श्वास लांबवून सोडल्याने हृदयाची गती किंचित मंदावते, हे कोणासही नाडीवर बोट ठेवून अनुभवता येईल. क्रम लहान असावा आणि रोज पाळावा. ऐन वेळी शिकविलेला मंत्र स्मरत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिची उपेक्षाही सर्वांत अधिक. चूक होऊ नये म्हणून आपण झटतो; परंतु चूक झाल्यावर पुढची कृती कशी करावी, हे शिकवीत नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो नेमबाजीत शिरला आणि पुढे ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या दीपाली देशपांडे ह्यांचे मार्गदर्शन त्यास लाभले. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या अंतिम फेरीत तो आघाडीवर असता उभ्या स्थितीतील एकच गोळी ७.६ गुणांवर गेली आणि तो चौथा आला. जेथे जवळजवळ प्रत्येक गोळी दहाच्या आसपास लागावी लागते, तेथे ही घसरण केवढी! परंतु तो तेथेच थांबला नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समध्ये पॅरिस ऑलिंपिकाच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून मारावयाच्या गोळ्या संपल्या, तेव्हा तो सहावा होता. पालथे पडून मारावयाच्या संपल्या, तेव्हा पाचवा. आणि ज्या उभ्या स्थितीने हांगझोऊ येथे दगा दिला, त्याच स्थितीत तो वर चढला व ४५१.४ गुणांनी त्याने कांस्यपदक जिंकले. खाशाबांच्या पदकास तेव्हा ७२ वर्षे झाली होती. ह्यास्तव सरावात मधूनच मुलाचा प्रयत्न मुद्दाम बाद ठरवावा आणि लगेच पुढचा करावयास सांगावा. परीक्षेच्या सरावातही एखादा प्रश्न न सुटणारा घालून, तो सोडून पुढे जाण्याची सवय लावावी.

चौथी गोष्ट शरीराची. स्पर्धेच्या आदल्या रात्री जागरण, त्या दिवशी नवे बूट, रिकामे पोट किंवा तळलेल्या पदार्थांचा भरणा, ह्यांनी महिन्यांचे श्रम वाया जातात. कुस्तीत खालच्या वजनगटात बसावे म्हणून वाढत्या वयाच्या मुलास उपाशी वा तहानेला ठेवणे, हा तर त्याच्या आरोग्याशी केलेला जुगार आहे. आणि थांबण्याची वेळही ओळखावी. अमेरिकेची सिमोन बाइल्स ही व्यायामपटू २०२१ साली टोकियो ऑलिंपिकात सांघिक अंतिम फेरीत एका उडीनंतर बाजूस झाली. कारण हवेत असताना आपण कोठे आहोत ह्याचे भान तिला राहीना, आणि तशा स्थितीत मानेवर पडण्याचा धोका होता. पुष्कळांनी तिला नावे ठेविली. तीच २०२४ साली पॅरिस येथे परत आली आणि तीन सुवर्णपदके व एक रौप्यपदक घेऊन गेली. मुलाची झोप उडाली, अन्न नकोसे झाले, सरावाच्या वेळीच पोट दुखू लागले, किंवा तो दुखापत लपवू लागला, तर तो आळस समजू नये. त्यास जवळ बसवून विचारावे आणि जरूर तर डॉक्टरांकडे न्यावे.

आता आईवडिलांशी दोन शब्द. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरांत सोयाबीन किंवा कापूस विकून हाती आलेल्या पैशांतूनच मुलाचे बूट येतात, प्रवासखर्च निघतो. हा त्याग मोठा आहे. परंतु त्याचा हिशेब स्पर्धेच्या दिवशी मुलाच्या कानी घालू नये. हेलसिंकीस जाण्यासाठी खाशाबांजवळ पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मोठ्यांनी भार उचलावयाचा तो असा: मुलाचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून. मैदानाच्या कडेने ओरडून सूचना देऊ नयेत; मुलास दोन गुरू एकाच वेळी ऐकू येत नाहीत. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. आणि एस. टी. गाडीतून परत येताना मुलगा खिडकीबाहेर पाहत गप्प बसला असेल, तर त्यास गप्प बसू द्यावे. प्रथम विचारावयाचे ते एवढेच: "बाळ, भूक लागली आहे का?" चुकांची चर्चा दोन दिवसांनी, शिक्षकांबरोबर, शांतपणे करता येते. हरलो तरी ताटात भाकरी तीच आणि आईचा हात तोच, हे ज्या मुलास ठाऊक आहे, त्याच्या मनावरील निम्मा भार मैदानावर जाण्यापूर्वीच उतरलेला असतो. ज्यास ते ठाऊक नाही, तो प्रत्येक उडीबरोबर आपले घरातील स्थानच पणास लावीत असतो.

आपल्यासारख्या शाळेत एरिक लिडेल ह्यांचे नाव नवे नाही. मिशनरी आईबापांच्या पोटी १९०२ साली चीनमध्ये जन्मलेला हा स्कॉटिश धावपटू १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात १०० मीटर शर्यतीत उतरला नाही. कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी होती. त्याने ४०० मीटर शर्यत धावून ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. ही गोष्ट सांगताना आपण पुष्कळदा असे भासवितो की, त्याने ऐन वेळी नकार दिला आणि ईश्वराने चमत्कार केला. वस्तुस्थिती अशी की, रविवारचा तो कार्यक्रम त्यास कित्येक महिने आधी कळला होता, आणि ते महिने त्याने लांब शर्यतीच्या सरावात घालविले. श्रद्धेने त्यास श्रमांतून सूट दिली नाही. श्रम करण्यास स्थिर मन दिले. पुढल्याच वर्षी तो चीनमध्ये मिशनच्या शाळेत शिकविण्यास गेला. युद्धकाळी जपान्यांच्या बंदिछावणीत तो मुलांस शिकवीत असे व त्यांचे खेळ घेत असे; तेथेच १९४५ साली त्याचा अंत झाला. पदक हे त्याच्या आयुष्यातील एक दुपार होते. सारे आयुष्य नव्हते.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात शर्यतीत धावणाऱ्यांचा दृष्टांत घेतला आहे, आणि त्यात धावपटूच्या संयमाची आठवण दिली आहे. तो संयम एका दिवसाचा नव्हे. म्हणून स्पर्धेपूर्वी प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थना म्हणजे पंचांवर वशिला लावणे नव्हे, हेही मुलांस सांगावे. जे शिकलो ते करता यावे आणि समोरच्या मुलाचेही भले व्हावे, एवढे मागणे पुरे आहे. समोरच्या संघातील मुलेही कोणाची तरी लेकरे आहेत, आणि तीही तोच धडधडता ऊर घेऊन रेषेवर उभी असतात.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी जागतिक मैदानावर जाणारे थोडे असतील. परंतु परीक्षा, मुलाखत, पहिली नोकरी, घरातील आजारपण, अशा कसोटीच्या घटका प्रत्येकास येतील. छाती तेव्हाही धडधडेल. त्या वेळी श्वास सोडा, पुढची एक कृती करा, चुकल्यास त्यापुढची करा. आणि पालकहो, आपले मूल त्या घटकेतून कसेही बाहेर आले, तरी त्यास घराचे दार उघडे दिसू द्या. मुलाची तयारी तेथूनच सुरू होते.